विश्लेषण : राष्ट्रपतींच्या घोडदळात तीनच समाजांचे जवान का? २५० वर्षांचा इतिहास काय सांगतो?

प्रजासत्ताक दिनाचं संचलन सुरू होण्याआधी टीव्हीवर एक दृश्य हमखास दिसतं. राष्ट्रपतींचा ताफा कर्तव्यपथावर येतो आणि त्याच्या पुढे-मागे उंचपुरे घोडेस्वार एका लयीत दौडत असतात. भाल्यांवर लाल-पांढऱ्या पताका, डोक्यावर निळी-सोनेरी पगडी, गुडघ्यापर्यंत चकाकते बूट. निवेदक 'राष्ट्रपतींचे अंगरक्षक' एवढं म्हणतो, कॅमेरा सलामी मंचाकडे वळतो आणि आपण चहा आणायला उठतो.

हे घोडेस्वार म्हणजे 'प्रेसिडेंट्स बॉडीगार्ड', लष्करी बोलीत पीबीजी. भारतीय लष्करातली सर्वात ज्येष्ठ रेजिमेंट. २०२३ मध्ये तिला २५० वर्षं पूर्ण झाली. जवान मात्र जेमतेम दोनशेच्या घरात. या दोनशेंमध्ये जायचं असेल तर उंची आणि तब्येतीच्या आधी एक अट पूर्ण करावी लागते: उमेदवार जाट, राजपूत किंवा जाट शीख असला पाहिजे.

लष्कर याला कामाची गरज म्हणतं. समर्थक परंपरा म्हणतात. मला दोन्ही पटत नाही. आणि न पटण्याची कारणं शोधायला कुठे लांब जावं लागत नाही, ती या दलाच्या स्वतःच्याच इतिहासात सापडतात.

बनारसमधले पन्नास अधिक पन्नास

१७७३ साली वॉरन हेस्टिंग्ज बंगालचा गव्हर्नर होता. त्या वर्षी बनारसला असताना त्याने स्वतःच्या संरक्षणासाठी घोडेस्वारांची एक तुकडी उभी केली. पन्नास स्वार 'मुघल हॉर्स' या पथकातून निवडले. हे पथक १७६० मध्ये सरदार मिर्झा शाहबाज खान आणि सरदार खान तार बेग यांनी उभारलं होतं. आणखी पन्नास स्वार बनारसचा राजा चेतसिंग याने दिले. एकूण शंभर. पहिला कमांडर होता कॅप्टन स्वीनी टून.

चेतसिंगाचं पुढे काय झालं, हे वाचण्यासारखं आहे. १७८१ मध्ये याच हेस्टिंग्जने पैशांच्या मागणीवरून बनारसमध्ये येऊन त्याला नजरकैदेत टाकलं. शहरात उठाव झाला, चेतसिंग निसटला, पण गादी गेली ती गेलीच. ज्याने अंगरक्षक दिले त्यालाच आठ वर्षांत धूळ चारली. कंपनी सरकारचा व्यवहार असा होता.

पुढची पाऊणशे वर्षं हे दल नुसतं मिरवत नव्हतं, लढत होतं. जावा, ब्रह्मदेशातलं आवा, मग शिखांविरुद्धच्या मुदकी, फिरोजशाह, अलीवाल आणि सोबरांवच्या लढाया, असे युद्धसन्मान त्याच्या नावावर आहेत. त्यातलं एक नाव मराठी वाचकाला थांबवणारं आहे: महाराजपूर. २९ डिसेंबर १८४३ ला ग्वाल्हेरजवळच्या या गावात इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा गव्हर्नर जनरल एलेनबरो स्वतः हजर होता. म्हणजे आज राष्ट्रपतींसोबत दिमाखात चालणाऱ्या या दलाच्या खात्यात शिंदेशाहीच्या पराभवाचाही एक सन्मान जमा आहे.

स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराने भारतीयांविरुद्धच्या लढायांचे असे सन्मान मिरवणं थांबवलं. इतिहास पुसला नाही, मिरवायचं थांबवलं. हा फरक लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येईल.

'परंपरा' नेमकी कुठली?

आता मूळ मुद्दा. या दलात 'परंपरेने' कोण भरती होत आलं?

सुरुवातीचे स्वार बहुतांश मुसलमान होते. १८०० च्या सुमारास अवधकडचे राजपूत आणि ब्राह्मण घेतले जाऊ लागले. त्याच काळात मद्रास प्रांताच्या घोडदळातूनही माणसं आली, आणि पुढची साठेक वर्षं दक्षिण भारतातले स्वार या दलात होते. होय, दक्षिण भारतातले. आज ज्या दलात तमिळ, तेलुगू किंवा कन्नड मुलगा फक्त जातीमुळे अर्ज करू शकत नाही, तिथे एके काळी दक्षिणेतल्या माणसांनी गव्हर्नर जनरलची राखण केली आहे.

मग १८५७ झालं. इंग्रजांचा अवधवरचा विश्वास उडाला आणि भरतीचं केंद्र उत्तरेकडे, पंजाबकडे सरकलं. १८८३ मध्ये पहिल्यांदा शीख आले. १८८७ मध्ये पंजाबी मुसलमान. १८९५ मध्ये ब्राह्मण आणि राजपूत यांची भरती चक्क बंद झाली. त्यानंतरचं सूत्र ठरलं निम्मे शीख, निम्मे पंजाबी मुसलमान.

पुन्हा वाचा: १८९५ मध्ये राजपुतांची भरती बंद झाली होती. आजच्या यादीतला एक संपूर्ण समाज १३० वर्षांपूर्वी या दलात अपात्र होता. आणि त्या वेळी निम्मी जागा ज्यांची होती, ते आजच्या यादीत नाहीत.

१९४७ ला फाळणीत दलाचेही भाग पडले. मुसलमान स्वार पाकिस्तानकडे गेले, भारतात उरलेल्या दलाची रचना नव्याने बसवली गेली आणि आजचं जाट-राजपूत-शीख समीकरण घट्ट झालं. म्हणजे ज्याला आपण अडीचशे वर्षांची परंपरा समजतो, ती फार तर पाऊणशे वर्षांची मांडणी आहे. अडीचशे वर्षांची परंपरा एकच दिसते: गरज बदलली की यादी बदलायची.

फाळणी, बग्गी आणि एक नाणं

फाळणीचा विषय निघालाच आहे तर बग्गीचा किस्सा टाळता येणार नाही. व्हाइसरॉयची सोन्याचा मुलामा दिलेली बग्गी कुणाकडे जाणार, यावर दोन्ही देशांचं एकमत होईना. बाकी सामानाची दोनास एक अशी वाटणी झाली, पण बग्गीचे तुकडे कसे करणार? शेवटी भारताकडून लेफ्टनंट कर्नल ठाकूर गोविंद सिंग आणि पाकिस्तानकडून साहबजादा याकूब खान यांच्यात नाणेफेक झाली आणि बग्गी भारताला मिळाली, असं सांगितलं जातं. हेच याकूब खान पुढे पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री झाले.

इंदिरा गांधींच्या हत्येनंतर सुरक्षेमुळे बग्गी जवळपास अडगळीत गेली. २०१४ मध्ये प्रणव मुखर्जी तिच्यातून 'बीटिंग रिट्रीट'ला गेले. २६ जानेवारी २०२४ ला द्रौपदी मुर्मू आणि फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी बग्गीतून आले, तेव्हा ही प्रथा चाळीस वर्षांनी परतली होती. बंद पडलेली गोष्ट सुरू होते, सुरू असलेली बंद पडते. राजशिष्टाचाराचं काही अडत नाही.

त्याच दशकात महाराष्ट्रात काय घडत होतं?

१८९५ हे साल सुटं घेतलं तर एखादा कार्यालयीन निर्णय वाटेल. पण तो काळ 'लढवय्या जमाती' या सिद्धांताचा होता. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात भारतातल्या सैन्याचा सरसेनापती होता आणि कोणत्या जाती लढाऊ, कोणत्या नाहीत याच्या याद्या तेव्हा पक्क्या होत गेल्या. हवामान, आहार, रक्त असल्या गोष्टींवरून शौर्य ठरवायचं, असा तो प्रकार. विज्ञान म्हणून मांडलेला, पण आत राजकारण: १८५७ ला जे विरोधात गेले ते बहुतेक 'अ-लढाऊ' निघाले, हा योगायोग नव्हता.

त्याच १८९० च्या दशकात मुंबई प्रांतात महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्या समाजाने कंपनीच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या नोकरी केली, ज्या समाजातले रामजी सकपाळ सुभेदार होते, त्याला एका फटक्यात दार बंद. गोपाळबाबा वलंगकरांसारख्यांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज केले. रामजी सुभेदारांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पुढे हा विषय लावून धरला आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिच्यात देशभरातल्या वेगवेगळ्या समाजांचे जवान आहेत. ज्या रेजिमेंटच्या नावातच जात आहे तिने दार उघडलं. आणि ज्या दलाच्या नावात 'राष्ट्रपती' आहे ते अजून यादी बघून आत घेतं.

मग घोडं अडलंय कुठे?

हा प्रश्न न्यायालयात गेलेला आहे. सर्वोच्च न्यायालयात २०१३ मध्ये लष्कराने प्रतिज्ञापत्रावर मान्य केलं की भरती या तीन गटांपुरती आहे. पण ती जात किंवा धर्म बघून नाही, तर कामाच्या गरजेमुळे आहे, असं सांगितलं. समारंभी कामासाठी उंची, बांधा, रूप आणि पोशाख यांत सारखेपणा लागतो, हा युक्तिवाद. २०१७ च्या भरतीवरून हरियाणातल्या एका तरुणाने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. जात सोडली तर बाकी सगळ्या निकषांत मी बसतो, एवढंच त्याचं म्हणणं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकार आणि लष्कराला नोटीस काढली.

सारखेपणाचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. समारंभी दल सारखं दिसलंच पाहिजे, त्यासाठीच ते असतं. मी इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, त्यामुळे सारखेपणा मोजायची एक पद्धत मला माहीत आहे. वर्कशॉपमध्ये गो-नो गो गेज असतो. शाफ्ट त्यात बसला तर पास, नाही बसला तर भंगारात. तो कुठल्या कारखान्यातून आला, हे गेज विचारत नाही. सहा फूट उंची हवी? लिहा सहा फूट. स्वातंत्र्याआधी ती सहा फूट तीन इंच होती, पुन्हा तेवढी करायची तर करा. छाती, वजन, दृष्टी, जे हवं ते मोजा. पण मापाच्या जागी समाजाचं नाव लिहिलं की ते स्पेसिफिकेशन राहत नाही. टेंडरमध्ये 'अमुकच ब्रँडचा पंप हवा' असं लिहिल्यावर आपण काय समजतो, तेच इथे समजायला हवं.

शिवाय हे दल आज तरी एकसारखं दिसतं का? फोटो काढून बघा. दाढी राखलेले शीख आणि पीळदार मिशांचे जाट-राजपूत शेजारी शेजारी उभे असतात. दोन धर्म, तीन समाज, वेगळे चेहरे. तरी पथक एक वाटतं, कारण कोट एक, पगडी एक, घोड्यांचा रंग एक आणि कवायत एक. सारखेपणा शिंप्याने आणि उस्तादाने घडवलेला आहे.

घोड्यांचंच बघा. सगळे तपकिरी, फक्त ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा घोडा करडा-पांढरा. लष्करात पूर्ण आयाळ राखायची मुभा याच घोड्यांना आहे. कमांडंटचा 'विराट' नावाचा हॅनोव्हेरियन घोडा १३ प्रजासत्ताक दिन संचलनांत चालला. जानेवारी २०२२ मध्ये त्याला लष्करप्रमुखांचं प्रशस्तिपत्र मिळालं आणि २६ जानेवारीला संचलनानंतर राष्ट्रपती रामनाथ कोविंद आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याला थोपटून निरोप दिला. हॅनोव्हेरियन ही जर्मन जात आहे. घोडा परक्या रक्ताचा चालतो, स्वार मात्र तीन समाजांबाहेरचा चालत नाही.

लंडनचंही उदाहरण आहे. राजघराण्याच्या पहाऱ्याची परंपरा तिथे आपल्यापेक्षा जुनी. जून २०१८ मध्ये 'ट्रूपिंग द कलर' संचलनात कोल्डस्ट्रीम गार्ड्सचा एक शीख सैनिक अस्वलाच्या केसांच्या उंच टोपीऐवजी काळी पगडी बांधून चालला. सुमारे हजार सैनिकांत एक पगडी. ना रांग मोडली, ना राणीचा मान कमी झाला. जिथून आपण हा सगळा थाट उचलला, तिथे एवढं बदललं आहे.

पण रेजिमेंट तर जातीच्याच असतात ना?

हा प्रतिप्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. शीख रेजिमेंट, गढवाल रायफल्स, डोग्रा, आपली मराठा लाइट इन्फंट्री. एका भाषेचे, एका मुलखाचे जवान एकत्र लढतात तेव्हा एकमेकांसाठी जीव देतात, असं अनुभवी अधिकारी सांगतात. त्यावर वाद आहे, पण तो आज बाजूला ठेवू.

फरक हा आहे की पायदळात एक दार बंद असेल तर दहा उघडी असतात. गढवालमध्ये जागा नाही म्हणून कोल्हापूरच्या मुलाचं नुकसान होत नाही, त्याला मराठा आहे, गार्ड्स आहे, तोफखाना आहे, इंजिनीअर्स आहेत. पण राष्ट्रपतींचं अंगरक्षक दल देशात एकच आहे. त्याला पर्याय नाही.

आणि मिश्र रचनेने लढाऊपणा कमी होतो म्हणावं, तर १९४९ मध्ये जनरल करिअप्पांच्या काळात 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' उभी राहिली ती मुळात सर्व समाजांच्या जवानांची म्हणूनच. ब्रीद 'पहला हमेशा पहला'. सरकारने जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आणली तेव्हाही भरतीचं तत्त्व 'ऑल इंडिया ऑल क्लास' असं जाहीर केलं. धोरण तयार आहे. ते राष्ट्रपती भवनाच्या फाटकापर्यंत पोहोचायचं बाकी आहे.

राज्यघटनेचं कलम १६ सांगतं की सरकारी नोकरीत केवळ धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. कलम ३३ लष्करासाठी मूलभूत हक्क मर्यादित करायची मुभा देतं, हे खरं. पण ती मर्यादा संसदेने कायद्याने घालायची असते आणि तिचा हेतू कर्तव्य नीट पार पडावं, शिस्त राहावी हा असतो. रूप सारखं दिसावं हा हेतू त्यात कसा बसवायचा, ते मला कळलेलं नाही.

हे नुसते शोभेचे जवान नाहीत

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. या दलावर टीका करताना लोक पटकन 'शोभेची बाहुली' म्हणून मोकळे होतात. तसं नाही. हे स्वार प्रशिक्षित पॅराट्रूपर आहेत आणि चिलखती वाहनंही चालवतात. १९६२ च्या युद्धात या दलाच्या चिलखती गाड्या विमानाने लडाखमधल्या चुशूलला नेल्या गेल्या. सियाचीनमध्ये जवानांनी सेवा बजावली आहे, श्रीलंकेत शांतिसेनेसोबत ते होते, सोमालिया, अंगोला आणि सिएरा लिओनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवरही गेले आहेत. सकाळी घोड्यावर, दुपारी रणगाडा प्रकारच्या वाहनावर, आणि वेळ आली तर विमानातून उडी. आज दलात असलेल्या जवानांबद्दल म्हणूनच काही तक्रार असायचं कारण नाही. ते मेहनतीने तिथे पोहोचले आहेत. तक्रार आहे ती रांगेत उभंच राहू न दिलेल्यांची.

खुली भरती केली तर काय होईल? सहा फुटांची अट कायम राहिली तर बहुतांश जवान पंजाब, हरियाणा, राजस्थानातूनच येतील. येऊ देत. मोजून निवड झाली आणि दोनशेपैकी दीडशे तिकडचे निघाले, तर त्याला कुणी अन्याय म्हणणार नाही. पण साताऱ्याच्या किंवा बीडच्या रस्त्यावर पहाटे धावणारा एखादा सहा फूट एक इंचाचा पोरगा निदान मैदानापर्यंत तरी पोहोचेल. आज त्याची उंची कुणी मोजतसुद्धा नाही.

आणि ज्यांचं रक्षण करायचं त्या पदाकडे बघा. के. आर. नारायणन आणि रामनाथ कोविंद दलित समाजातून आले. ए. पी. जे. अब्दुल कलाम रामेश्वरमच्या मुस्लिम कुटुंबातले. प्रतिभाताई पाटील महाराष्ट्राच्या, द्रौपदी मुर्मू ओडिशातल्या संथाल आदिवासी. देशाचं सर्वोच्च पद या सगळ्यांना मिळालं. लष्कराने न्यायालयात मांडलेली भूमिका तशीच धरली, तर नारायणन, कोविंद, कलाम किंवा मुर्मू यांच्या समाजातला तरुण या राष्ट्रपतींच्या घोड्यामागे भाला घेऊन चालू शकला नसता. कलामांच्या बाबतीत तर गंमत अशी की दलाचे पहिले पन्नास स्वार मुघल हॉर्समधूनच आले होते.

या दलाला एक मान आहे जो लष्करात दुसऱ्या कुणाला नाही: राष्ट्रपतींचं चांदीचं ट्रम्पेट आणि त्यावरचं बॅनर. १९२३ मध्ये दीडशे वर्षं झाली तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने ही भेट दिली. प्रजासत्ताकात १४ मे १९५७ ला डॉ. राजेंद्र प्रसादांनी आपलं बॅनर दिलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या राष्ट्रपतींचं नवं बॅनर येतं. मुर्मू यांनी ते २७ ऑक्टोबर २०२२ ला दिलं. त्यांचा कार्यकाळ जुलै २०२७ मध्ये संपतो, म्हणजे त्यानंतर पुन्हा नवं बॅनर शिवलं जाईल. भरतीच्या जाहिरातीतली ती एक ओळ बदलायला मात्र तेवढं थांबायची गरज नाही. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. निर्णय संरक्षण मंत्रालय आणि लष्कर मुख्यालयाच्या पातळीवरचा आहे, आणि सरसेनापती ज्यांना म्हणतात त्या राष्ट्रपती स्वतःच या दलाच्या मानकरी आहेत.